नलूचं नाक आणि वेल्ह्याचा रस्ता

त्या सोमवारी आमटीत मीठ नव्हतं. कमी होतं असं नव्हे, मुळात घातलेलंच नव्हतं. मी पहिला भुरका मारला आणि वाटी तशीच हातात धरून बसलो. नलूच्या आमटीबद्दल आमच्या भोरात, निदान आमच्या आळीत तरी, दुमत नाही. समोर नलू शांतपणे भात कालवत होती. मी काही बोललो नाही. ज्या घरात रोज उत्तम जेवायला मिळतं त्या घरातल्या माणसाला तक्रार करायचा सराव नसतो, आणि सराव नसताना एकदम मोठं काम अंगावर घेऊ नये, असं माझं मत आहे.

मंगळवारी बटाट्याच्या भाजीत मीठ दोनदा पडलं. बुधवारी मी ऑफिसातून आलो तर जिन्यापर्यंत करपलेल्या दुधाचा वास येत होता. मी बूट न काढताच आत धावलो. नलू ओट्यापाशी उभी होती, दुधाच्या पातेल्यापासून हातभर अंतरावर, आणि पाठ करून निवांत गवार मोडत होती.

"नलू, दूध!"

"अगं बाई!" तिनं गॅस बंद केला. मग पातेल्यावर वाकून जोरात श्वास घेतला. मग हिंगाची डबी उघडून नाकाला लावली. ती डबी खाली ठेवली आणि तिथंच स्टुलावर बसली.

"अहो, मला वासच येत नाहीये," ती म्हणाली. "मागच्या आठवड्यातला ताप गेल्यापासून येत नाहीये. आणि चवही नाही. सगळं ओल्या पुठ्ठ्यासारखं लागतंय."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही मुकाट्यानं जेवत होतात. म्हटलं, निदान तुम्हाला तरी लागतंय."

आता ही गोष्ट दुसऱ्या कुणाच्या घरी घडली असती तर मी म्हणालो असतो, होतं असं, बरं होईल. पण आमचा संसार, खरं सांगायचं तर, जेवणाभोवती उभा आहे. आठवड्याचे सहा दिवस नलूच्या हातचं जेवायचं आणि रविवारी दोघांनी गाडी काढून कुठल्या तरी नव्या खानावळीत जाऊन बसायचं, ही आमची चैन. आणि त्यातली खरी गंमत खाण्यात नसायचीच. नलू एक घास घ्यायची, डोळे बारीक करायची आणि म्हणायची, "कारळं आहे. आणि खोबरं भाजताना यांनी किंचित बडीशेप टाकलीये." मी आत जाऊन विचारून यायचो. खानावळवाला चकित व्हायचा. मी असा अभिमानानं परत यायचो, जसं काही ते नाक माझंच होतं.

डॉक्टर प्रेरणा यांचा दवाखाना बाजारातच आहे. त्यांनी नाकात दिवा घालून पाहिलं, घशात पाहिलं आणि म्हणाल्या, "तापानंतर होतं असं कधीकधी. बहुतेकांचं परत येतं."

"बहुतेकांचं म्हणजे?" मी विचारलं.

"बहुतेकांचं म्हणजे बहुतेकांचं."

मी पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक आहे. 'बहुतेक' हा शब्द आमच्या खात्यात किती लांब जाऊ शकतो, हे मला ठाऊक आहे. बहुतेक मार्चअखेर पूर्ण होईल असं लिहिलेले कालवे अजून कोरडे आहेत.

"लवंग, लिंबू, असे उग्र वास रोज सकाळ-संध्याकाळ घ्या," डॉक्टर नलूला म्हणाल्या. "आणि जेवण तोडू नका. वेगवेगळं खा, आवडीचं खा."

या 'वेगवेगळं खा'मधून पुढचं सगळं रामायण घडलं.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना नलूनं मला थांबवलं. "हे आळीत कुणाला कळता कामा नये. चव न कळणारी बाई म्हणून मला कुणी हळहळत बघितलं तर मी सहन करणार नाही. सर्दी झालीये म्हणून सांगायचं."

मी शब्द दिला. तो शब्द मला पुढं कुठं नेऊन बसवणार होता, याची तेव्हा कल्पना नव्हती.

माझा स्वभाव आधीच काळजीचा. त्यात घरात नाक न चालणारी बायको आणि गॅसचा सिलिंडर. ऑफिसात फायलीवर मान घालून बसलो की मला शेगडीचं बटण अर्धवट फिरलेलं दिसायचं. मी फोन लावायचो.

"गॅस बंद आहे ना?"

"बंद आहे."

थोड्या वेळानं पुन्हा लावायचो. शेवटी नलू वैतागून म्हणाली, "तुम्ही फोन करता, मी तो घ्यायला शेगडीपासून उठून बाहेरच्या खोलीत येते आणि तेवढ्यात भाजी लागते. काय जळेल ते तुमच्या फोनमुळं जळेल." तर्क बिनतोड होता. त्यानंतर मी फोन करायचं बंद केलं आणि जेवणाच्या सुट्टीत स्वतःच घरी जाऊन नळी हुंगून यायला लागलो.

वरच्या मजल्यावर सावळारामभाऊ राहतात. एसटीच्या डेपोत कंट्रोलर होते. आता निवृत्त आहेत, पण कंट्रोल सुटलेला नाही. नलूला सर्दी झाल्याचं कळताच ते तपकिरीची डबी घेऊन खाली आले.

"चिमूटभर ओढा वहिनी. डोक्यातला सगळा गाळ मोकळा होतो."

नलूनं ओढली. तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. सावळारामभाऊ चक्रावले. "तुम्हाला ओढता येत नाही," असं म्हणून त्यांनी प्रात्यक्षिकासाठी ती माझ्या नाकाशी धरली. त्यानंतर मी किती शिंकलो ते मला सांगता येणार नाही, कारण मधल्या एका शिंकेला चष्मा उडून भिजत घातलेल्या वालांत पडला आणि पुढचं मला दिसलं नाही.

आता रविवारच्या जेवणांना वेगळं महत्त्व आलं. पूर्वी ती चैन होती, आता उपचार झाला. माझी अशी कल्पना होती की कुठल्या तरी एका खानावळीत असा काही झणझणीत, ताजा, दांडगा वास असेल की नलूचं नाक दचकून जागं होईल. सुरुवात भोरातल्याच मिसळीपासून केली. नलूच्या कपाळावर घाम आला, डोळ्यांतून पाणी आलं. मी आशेनं पुढं झुकलो.

"तिखट आहे एवढं कळतंय," ती नाक पुसत म्हणाली. "कशाचं तिखट, ते नाही."

मग आम्ही वेल्ह्याचा रस्ता धरला. चेलाडी फाट्यावरून आत वळलं, नसरापूर मागं टाकलं की वेल्ह्यापर्यंत दोन्ही बाजूंना लहान लहान खानावळी आहेत. किल्ल्यावर जाणाऱ्यांसाठी निघालेल्या, बहुतेक घरातल्याच. पुढं पत्र्याची पडवी, मागं चूल.

इथं मला माझ्या गाडीबद्दल आणि चमच्याबद्दल सांगितलं पाहिजे, कारण दोन्ही निर्दोष असून त्यांनी मला गोत्यात आणलं. गाडी जुनी आहे. मागच्या निवडणुकीत ती कामाला लावली तेव्हा पुढच्या काचेवर कागद चिकटवला होता. तो मी पाण्यानं, रॉकेलनं, नखानं काढून पाहिला. उन्हानं वरची अक्षरं उडाली, खालचं 'कर्तव्यावर' एवढंच ठळक उरलं. आणि चमचा यासाठी, की नलूला अन्न आंबलेलं असलं तरी कळणार नव्हतं. म्हणून प्रत्येक पदार्थ आधी मी चाखायचा, मग तिला द्यायचा. दुसऱ्याच्या चमच्यानं चाखणं मला आवडत नाही म्हणून घरचा स्टीलचा चमचा मी खिशाला लावून न्यायचो.

आता हे गल्ल्यावर बसलेल्या माणसाच्या नजरेनं बघा. 'कर्तव्यावर' अशी गाडी येऊन थांबते. खिशाला चमचा लावलेला चष्मेवाला गृहस्थ उतरतो. ताट आलं की तो प्रत्येक वाटी उचलून हुंगतो, स्वतःच्या चमच्यानं चाखतो, थोडा वेळ थांबतो, मान हलवतो आणि शेजारच्या बाईंकडे सरकवतो. बाई गंभीरपणे वास घेतात आणि म्हणतात, "काहीच नाही." मग गृहस्थ मालकाला बोलावून विचारतात, "मसाला आजचा की कालचा? तेल कुठलं? रंग घालता का?"

मी ताज्या वासासाठी विचारत होतो हो! पण गोरख नावाच्या ज्या खानावळवाल्याला मी हे पहिल्यांदा विचारलं, त्याच्या हातातला झारा खाली पडला.

"न्हाई सायब, रंग कुठला! तुमी निवांत जेवा." आणि पैसे देऊ गेलो तर दोन्ही हात मागं घेऊन म्हणाला, "असू द्या सायब. घरचंच हाय."

"किती अगत्याची माणसं आहेत," मी गाडीत नलूला म्हणालो. मला ते त्या दिवशी अगदी मनापासून वाटलं होतं.

पुढच्या रविवारी त्या रस्त्यावर काहीतरी बिनसलं होतं. जिथं थांबू तिथं फरशी नुकतीच धुतलेली. आचाऱ्याच्या डोक्यावर प्लास्टिकची टोपी, तोंडाला फडकं. एका ठिकाणी तर चुलीला हार घातला होता. जेवण आलं ते बघून माझा जीव दडपला. पांढरंफटक पिठलं, फोडणी नसलेली भाजी, आणि वांगं कुठल्या तरी शस्त्रक्रियेतून नुकतंच बाहेर आल्यासारखं.

"हे काय?" मी विचारलं.

"सायब," मालक हात जोडून म्हणाला, "ह्यात रंग न्हाई, सोडा न्हाई, मसाला न्हाई, तेल बी न्हाई."

"मग आहे काय?"

"स्वच्छता हाय."

आम्ही जेवलो. नलू हळूच माझ्याकडे वाकली. "अहो, एवढं बेचव मला तापापासून आजवर लागलं नव्हतं. वाढलंय वाटतं माझं."

"अगं, मलाही काही लागत नाहीये."

"खरंच?" तिच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांनी हसू आलं. "शपथ?"

"शपथ. ओला पुठ्ठा."

ती तोंडावर पदर धरून हसली. त्या एका हसण्यासाठी मी आणखी एक वाटी पिठलं मागून घेतलं. तेवढ्या वेळात मालकानं मोबाईलवर माझा चमच्यासकट फोटो काढला, हे मला नंतर कळलं.

गुरुवारी ऑफिसात असताना माझ्या मोबाईलवर फोन आला. वेल्ह्याच्या वाटेवरच्या एका पोलीस चौकीतून हवालदार धनाजी बोलत होते. गाडीच्या नंबरावरून त्यांनी मला शोधलं होतं. आवाज शांत होता. पोलिसांचा शांत आवाज हा माझ्या मते सगळ्यात वाईट आवाज.

"साहेब, जरा येऊन जाल का? तक्रार आलीये. अन्नतपासणीचा अधिकारी असल्याचं भासवून एक इसम खानावळवाल्यांना दरडावतो, फुकट जेवतो. बरोबर एक बाई असते."

तोतया अधिकारी! इतकी वर्षं मी टाचणीसुद्धा ऑफिसची घरी नेली नाही. चौकशी लागली तर? वर्तमानपत्रात आलं तर? आणि खरं सांगतो, या सगळ्यात मला जास्त लागलं ते 'बरोबर एक बाई' हे. लग्नाची बायको आहे ती माझी!

संध्याकाळपर्यंत आळीला कसं कळलं ते देव जाणे. सावळारामभाऊ गंभीर चेहऱ्यानं खाली आले, दार लोटून घेतलं.

"तिथं काही कबूल करायचं नाही," ते म्हणाले. "आणि नाकारायचंही नाही."

"मग करायचं काय?"

"छातीत कळ येतेय म्हणायचं. डेपोत आमचे निम्मे ड्रायव्हर त्याच्यावर सुटलेत."

शनिवारी सुट्टी होती. नलूनं चपात्या केल्या, त्या मला गिळवल्या नाहीत. चौकीपर्यंत गाडी चालवताना माझ्या छातीत खरोखरच कळ आल्यासारखं वाटत होतं आणि ती आता खरी म्हणून कुणी मानणार नाही, याची वेगळी धास्ती होती. चौकीसमोर मी नलूला म्हणालो, "तू गाडीतच बस. मी दोन मिनिटांत येतो."

आत गोरख होता, स्वच्छतावाला होता, आणि एक ठसठशीत कुंकू लावलेल्या, पदर खोचलेल्या बाई होत्या. त्यांना मी ओळखत नव्हतो. बाकावर त्यांच्या शेजारी टोपीवाले म्हातारे शांतपणे बसले होते.

"ह्येच का?" बाई म्हणाल्या. "सायब, म्या रतनबाई. फुडं वळणावर खानावळ हाय माजी. तुमी माज्याकडं आलाबी न्हाई अजून. पर येनार येनार म्हनून समद्यांनी येवढं घाबरवलं, का म्या चूलच पेटवली न्हाई. आठवड्यातलं दोन दिस तर गिऱ्हाईक असतंय आमाला. ते बी तुमच्यापायी गेलं!"

मला बसायला कुणी सांगितलं नाही. धनाजी हवालदारांनी मोबाईलवरचा फोटो पुढं केला. त्यात मी डोळे मिटून चमचा नाकाशी धरला होता. माणूस इतका संशयास्पद दिसू शकतो, हे मला माहीत नव्हतं.

"तुम्ही अन्नतपासणीत आहात?"

"नाही. पाटबंधाऱ्यात."

"पाटबंधाऱ्याचा पिठल्याशी काय संबंध?"

"काही नाही."

"मी अधिकारी आहे असं म्हणालात?"

"कधीच नाही."

"मग वास कशाला घेता? तेल, रंग, हे कशाला विचारता? आणि हा चमचा?"

खरं कारण एका वाक्याचं होतं. पण ते वाक्य माझं नव्हतं. दवाखान्याच्या पायरीवर नलूनं माझ्या हाताला धरून घेतलेला शब्द मला आठवत होता. या सगळ्यांना सांगितलं की संध्याकाळी भोरात. माझी नोकरी एकीकडे आणि तिचा मान दुसरीकडे, आणि मधे मी, चमच्यासकट.

"मला... चवीची आवड आहे," मी म्हणालो.

"आवड हाय तर गप खावा की!" रतनबाई कडाडल्या. "मांजरागत हुंगता कशाला?"

"साहेब, असं चालणार नाही," हवालदार म्हणाले. "मला कागदावर काहीतरी लिहावं लागेल. तुमच्या वरिष्ठांना कळवावं लागेल."

मी उभा होतो तिथंच भिंतीला टेकलो. "लिहा," मी म्हणालो.

"काय लिहा?" मागून आवाज आला.

नलू दारात उभी होती. ती केव्हापासून होती कुणास ठाऊक. ती आत आली आणि माझ्या बाजूला उभी राहिली.

"मला वास येत नाही," ती म्हणाली. "तापानंतर गेलाय. चवही गेलीये. अन्न नासलेलं असलं तरी मला समजत नाही, म्हणून हे आधी चाखतात. कुठल्या तरी वासानं माझं नाक जागं होईल या आशेनं मला इथं तिथं जेवायला नेतात. मीच म्हटलं होतं, कुणाला सांगू नका. म्हणून हे गप्प आहेत."

हवालदारांनी पेनाला टोपण लावलं. गोरख खाली बघायला लागला.

रतनबाई उठून नलूच्या पुढ्यात आल्या. "पार कायच न्हाई कळत?"

"काहीच नाही."

"गोडं, खारं?"

"जिभेला जरासं लागतं. पण कशाचं काय, ते नाही."

"आगं माजे बाई," रतनबाई म्हणाल्या आणि हवालदारांकडे वळल्या. "काय लिवायचं ते लिवा सायब, न्हाईतर नका लिवू. म्या हिला घिऊन चालली."

त्यांची खानावळ त्यांच्या घराच्या पडवीत होती. आम्ही पोचलो, मागोमाग गोरख आपल्या ठेवणीतल्या मसाल्याचा डबा घेऊन आला. स्वच्छतावाला ठेचा घेऊन आला, या वेळी टोपीशिवाय. ड्युटी संपवून धनाजी हवालदारही आले. म्हणे, तपास पूर्ण करायला. बघता बघता चूल पेटली आणि माझ्या बायकोच्या नाकावर सगळ्यांची चढाओढ सुरू झाली.

"माझ्या मसाल्यानं उघडंल," गोरख म्हणाला.

"तुज्या मसाल्यात लाकडाचा भुसा हाय," रतनबाई म्हणाल्या. "बाजूला हो."

त्यांनी लसूण ठेचून फोडणी दिली. गरम तांदळाच्या भाकरीवर लोणी ठेवलं. गोरखनं डबा उघडून नलूपुढं धरला. प्रत्येक वेळी सगळे श्वास रोखून तिच्या तोंडाकडे बघायचे, आणि ती मान हलवायची. मला ते बघवेना. या बिचाऱ्या माणसांना तरी यश द्यावं म्हणून तिनं खोटं सांगावं, असंही वाटून गेलं.

शेवटी रतनबाईंनी मला बाजूला घेतलं. "सुकट चालती का तुमाला?"

आमच्या घरात सुकट शिजत नाही. आळीत दूर कुठं भाजली तरी नलू आमच्या सगळ्या खिडक्या लावून घेते आणि उदबत्ती पेटवते. मी हे सांगितलं. रतनबाईंचे डोळे चमकले. "मंग त्येच!"

तवा तापला, सुकट पडली. क्षणात पडवी त्या वासानं भरली. मी रुमाल नाकाला लावला. रस्त्यावरून चाललेलं एक कुत्रं वळून आत आलं. आणि नलू? ती तव्याजवळ सरकली. आणखी सरकली. पार वाकून, डोळे मिटून, तिनं छाती भरून श्वास घेतला. पुन्हा घेतला. मग ती तशीच वाकलेली राहिली आणि तिचे खांदे हलायला लागले.

इतके दिवस ती रडली नव्हती. तिथं, त्या तव्यापाशी, रडली. मी पुढं झालो, पण काय करावं ते मला सुचेना. रतनबाईंनी तवा उतरवला आणि तिला जवळ घेतलं.

"रडू नगंस. आमच्या गेनबास्नी बघ," त्यांनी पडवीतल्या टोपीवाल्या म्हाताऱ्यांकडे बोट दाखवलं. ते रतनबाईंचे यजमान होते. "कैक सालं झाली, कायबी ऐकू येत न्हाई. पर म्या रोज बोलती. बाजाराचं, भांडणाचं, समदं. आन् त्ये रोज व्हय म्हनत्यात. व्हय की न्हाई वो?"

"व्हय," गेनबा म्हणाले.

नलू रडता रडता हसली. "बरोबर वेळेवर म्हणाले की!"

"व्हय," गेनबा पुन्हा म्हणाले.

"ह्यास्नीच रांधायला लाव," रतनबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या. "ह्यांची जीभ तर चालती न्हवं?"

धनाजी हवालदारांनी तपास पूर्ण झाल्याचं जाहीर केलं आणि सुकटीवर ताव मारला. माझ्याबद्दलचा कागद लिहिला गेला नाही. निघताना रतनबाईंनी पैसे मात्र पुरेपूर घेतले आणि मला फार बरं वाटलं. आपण अधिकारी नाही, याची ती पावतीच होती.

त्या दिवसापासून मी स्वयंपाकाला उभा राहिलो. नलू स्टुलावर बसून सांगायची, मी करायचो. तेल तापू द्या, मोहरी तडतडू द्या, आता हिंग. मीठ किती, हे ती सांगू शकायची पण पडताळू शकायची नाही. तिथं माझा अधिकार सुरू व्हायचा. मी चाखायचो, डोळे बारीक करायचो आणि म्हणायचो, "आणखी चिमूटभर." खोटं कशाला बोलू, मला ते आवडायला लागलं. नलू ताट स्वच्छ करून उठायची, मला म्हणायची, "जमलंय हो तुम्हाला." एकदा मी सावळारामभाऊंना वाटीभर आमटी पाठवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी वाटी घासून परत दिली आणि डॉक्टरांनी आमटी वर्ज्य केल्याचं सांगितलं. एसटीत आयुष्य काढलं की पोट बिघडतंच, असं मी त्यांचं सांत्वन केलं.

लवंग, लिंबू चालूच होतं. नलू सकाळी खिडकीत बसून ते हुंगायची, मी चहा गाळत तिच्याकडे बघायचो. ती मान हलवायची, मी चहा द्यायचो. आम्ही त्याबद्दल बोलणं बंद केलं होतं. रात्री झोपताना गॅसचं बटण बघायला मात्र मी उठायचो; एकदा उठून आलो की पुन्हा एकदा उठायचो.

परवा संध्याकाळी मी आमटीला फोडणी देत होतो. नलू बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होती. कढीलिंब कुठं ठेवलाय ते शोधण्यात माझं जरा दुर्लक्ष झालं.

"अहो, लसूण करपतोय!" बाहेरून नलू ओरडली.

"काही करपत नाहीये," मी चिडून म्हणालो. "लालसर होतोय. सारखं काय बाहेर बसून..."

आणि मी थांबलो. बाहेर वर्तमानपत्राचा आवाजही थांबला.

दारात नलू उभी राहिली. आमच्या दोघांच्या मधे निळसर धूर होता. तिनं नाक वर केलं, हळूच, घाबरत, जणू जोरात ओढला तर संपून जाईल.

"लसूण आहे," ती म्हणाली. "करपलेला. आणि मोहरीही करपलीये. अहो... तेलही जळतंय."

"हो," मी म्हणालो. "हो, हो, सगळंच जळतंय!"

तिनं हिंगाची डबी उघडली आणि जोरात शिंकली. मग गोडा मसाला, मग जिरं, मग माझा शर्ट. कढईत लसणाचा कोळसा झाला, स्वयंपाकघर धुरानं भरलं आणि आम्ही दोघं वेड्यासारखे एकेक डबा उघडून एकमेकांच्या नाकाला लावत होतो. सावळारामभाऊ पाण्याची बादली घेऊन धावत आले, दारात उभे राहिले, आम्हाला बघून काही न बोलता बादली घेऊन परत वर गेले.

दुसरी फोडणी देऊन आम्ही जेवायला बसलो. मी आमटी वाढली. नलूनं वाटी दोन्ही हातांनी उचलली, डोळे मिटले आणि भुरका मारला. तशीच बसून राहिली. हातातली पळी खाली ठेवून मी पुढं वाकलो. चौकीतसुद्धा मी इतका घाबरलो नव्हतो.

"चव लागतेय?"

"लागतेय."

"सगळी?"

"सगळी." तिनं डोळे उघडले आणि माझ्याकडे असं काही बघितलं की मी पाटावरच मागं सरकलो. "अहो, ही आमटी? हे तुम्ही मला इतके दिवस घालत होतात?"

"तुझ्याच पद्धतीनं केलीये!" मी म्हणालो. माझा आवाज कापत होता. रागानं, आनंदानं की अपमानानं, ते मलाही सांगता येणार नाही. "काय वाईट आहे तिच्यात?"

"गूळ दुप्पट, चिंच भरमसाट, मीठ म्हणजे तर... आणि त्यात धण्याची पूड कशाला?" ती एकेक जिन्नस बोटावर मोजत होती आणि तिच्या गालावरून पाणी वाहत होतं. मी वाटी उचलून घेण्यासाठी हात पुढं केला.

तिनं वाटी छातीशी धरली.

"राहू द्या," ती म्हणाली. "भयंकर झालीये. वाढा आणखी."